स्प्लेंडरचे हेड आणि घरचे पोर्टिंग

कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या पार्किंगमध्ये दहा मिनिटे उभे राहा. कोणीतरी 'पोर्टिंग-पॉलिशिंग'बद्दल छातीठोकपणे बोलताना सापडणारच! "हेडमधली भोकं मोठी करायची, आतून आरशासारखी चमकवायची, की गाडी नुसती उडते." हे वाक्य मी फर्स्ट इयरपासून ऐकतोय. यातला पहिला भाग निम्मा चुकीचा आहे आणि दुसरा बहुतेक चुकीचा. का, ते सांगतो.

सिलिंडर हेडमध्ये दोन वाटा असतात. एका वाटेने कार्ब्युरेटरकडून हवा-पेट्रोल आत येतं, दुसरीने जळालेला वायू सायलेन्सरकडे जातो. या वाटा म्हणजे पोर्ट. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला 'पोर्ट' म्हटलं की बंदर आठवायचं. आमच्या गावचे मिस्त्री इनटेकला सरळ 'गाडीचं नाक' म्हणतात, ते मला जास्त पटतं.) हेड साच्यात ओतून बनवतात. त्यामुळे कुठल्याही कंपनीचे असो, वाटेच्या आत कास्टिंगच्या रेघा, खडबडीत पृष्ठभाग आणि कुठेतरी बारीकशी पायरी राहतेच. ती काढून हवेची वाट सुधारणे म्हणजे पोर्टिंग. युरोपात हे काम शास्त्र म्हणून करणाऱ्यांमध्ये हॅरी वेस्लेक या इंग्लिश इंजिनिअरचे नाव घेतात. १९४८ मध्ये आलेल्या जॅग्वारच्या एक्सके इंजिनाच्या हेडमागेही तेच होते.

आपल्याकडे ही विद्या पसरली ती आरएक्स १०० मुळे. १९८५ ते १९९६ या काळात इथे बनलेली ही गाडी टू-स्ट्रोक. तिचे पोर्ट हेडमध्ये नसून सिलिंडरच्या भिंतीत असतात आणि पिस्टनच ते उघडतो, बंद करतो. तिथे एक्झॉस्ट पोर्टची वरची कड मिलिमीटरभर वर नेली तरी टायमिंग बदलतं, गाडीचा स्वभावच बदलतो. फोर-स्ट्रोकमध्ये टायमिंग कॅम ठरवतो. पोर्ट कितीही कोरा, व्हॉल्व त्याच्या वेळेलाच उघडणार. पण आरएक्सचे किस्से ऐकून लोक स्प्लेंडरचे हेड कोरायला बसतात.

आता माझ्याकडचे हेड. माझा मामा अंबड तालुक्यातल्या गावातून रोज पहाटे जालन्याला दूध घालतो. २००४ ची स्प्लेंडर, दोन बाजूंना ४० लिटरचे दोन कॅन, म्हणजे मामा सोडून शंभर किलोच्या आसपास ओझे. गाडी धूर मारायला लागली म्हणून दिवाळीच्या सुट्टीत बोअर करायला इंजिन उघडलं. मामेभावाचे मित्र लगेच जमले. "हेड खाली आहेच तर पोर्टिंग पण करून टाक!" मामा ओट्यावर चहा पीत होता. तो म्हणाला, "पळवून कुठं जायचंय मला? कॅन भरून गावाबाहेरचा चढ चढली म्हंजे झालं. आन् हेड बिघडलं तर दूध तू डोक्यावर नेणार का?"

मामाच्या या एका वाक्यात अख्खा प्रॉब्लेम आहे. ॲल्युमिनियम एकदा काढलं की परत लावता येत नाही. आर्गॉन वेल्डिंग होतं, पण त्या खर्चात दुसरं हेड येईल. आणि हेड गेलं तर घरातली रोजची कमाई थांबली.

म्हणून आधी वहीवर गणित. स्प्लेंडरचा बोअर ५० मि.मी., स्ट्रोक ४९.५, म्हणजे ९७.२ सी.सी. समजा इनटेक पोर्टचा व्यास २२ मि.मी. आहे. ३००० आरपीएमला एक सक्शन स्ट्रोक १०० व्या भागाच्या सेकंदात होतो. तेवढ्या वेळात ९७ सी.सी. हवा या वाटेने जायची तर तिचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे २६ मीटर येतो. आता कोणी हौसेने पोर्ट २५ मि.मी. केला, तर क्षेत्रफळ २९ टक्क्यांनी वाढलं आणि वेग उतरला २० वर! वेग कमी म्हणजे पेट्रोलचे थेंब हवेत नीट मिसळत नाहीत, भिंतीला चिकटतात. शिवाय वेगातल्या हवेला जो रेटा असतो, ज्यामुळे पिस्टन वर फिरल्यावरही ती आत घुसत राहते, तो जातो. ८००० आरपीएमला पहिला वेग ६८ च्या घरात असतो, तिथे मोठा पोर्ट कदाचित कामाला येईल. पण मामाची गाडी ८००० ला जातेच कधी? तिचं आयुष्य तीन-चार हजारात.

मग पोर्टला हातच लावायचा नाही का? लावायचा, पण आकाराला. ही गोष्ट आपल्याकडचा कोणताही शेतकरी समजतो. विहिरीवरच्या मोटरच्या पाइपला काटकोनी एल्बोऐवजी लांब बेंड लावला की पाणी वाढतं, पाइप तेवढाच असूनही. पोर्टमध्ये असाच बेंड असतो, व्हॉल्वच्या अगदी वर. त्याची आतली बाजू, जिथे वळण सगळ्यात आखूड, तिथे हवा भिंत सोडते आणि भोवरे होतात. तिथली धारदार कड हलकी गोल करायची. व्हॉल्व गाइडभोवतीचा उंचवटा थोडा निमुळता करायचा, पण गाइडचा आधार जाईल इतका नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पॅकिंग. मामाच्या गाडीला मागे कधीतरी बाजारातलं इन्सुलेटर बसवलेलं. त्याचं भोक हेडच्या भोकाशी जुळतच नव्हतं, एका बाजूला चांगली पायरी होती. हवा रोज त्या पायरीवर डोकं आपटत होती.

फ्लो बेंच आपल्याकडे कुठून येणार? मी घरचा जुगाड केला. व्हॅक्यूम क्लीनर, पुठ्ठ्याचा ॲडॉप्टर आणि मेडिकलमधून आणलेली सलाइनची नळी. नळी यू आकारात भिंतीला चिकटवली, निळ टाकून पाणी भरलं, झाला मॅनोमीटर! फ्लुइडच्या लॅबमध्ये ज्याच्याकडे बघून जांभया देतो, तोच. हवा हेडमधून ओढायची. पाण्याच्या दोन पातळ्यांतला फरक जितका कमी, तितकी वाट मोकळी. यातून सीएफएम वगैरे कळत नाही, पण आधीचं आणि नंतरचं ताडून बघता येतं.

व्हॉल्व बोल्टने २, ४, ६ मि.मी. असा उचलून मोजलं. २ मि.मी.ला काहीही केलं तरी फरक नाही. कारण सोपं आहे. तेव्हा हवा अडते ती व्हॉल्व आणि सीटमधल्या फटीत. व्हॉल्व २४ मि.मी. धरला तर २ मि.मी. उचलल्यावर ती फट १५१ चौरस मि.मी. भरते, तर पोर्ट ३८० चा. ५ मि.मी.च्या पुढे दोन्ही सारखे होतात आणि मगच पोर्टचा आकार बोलायला लागतो. पाण्यात सगळ्यात मोठा फरक दिसला तो पायरी काढल्यावर. त्याखालोखाल आतल्या वळणाचा. पॉलिशचा? पाणी हललंच नाही!

तरी एक्झॉस्ट मी गुळगुळीत केला, कारण तिथे कार्बन कमी चिकटतो. इनटेक मात्र ८० नंबरच्या पॉलिश पेपरवर सोडला. कार्ब्युरेटरच्या गाडीत भिंत किंचित खरखरीत असलेली बरी, ओघळणारं पेट्रोल परत हवेत उचललं जातं.

हत्यारे: फ्लेक्झिबल शाफ्टचे ग्राइंडर आणि ॲल्युमिनियमचे कार्बाइड बर. बरला मधूनमधून मेणबत्ती घासायची, नाहीतर ॲल्युमिनियम दातात भरतं. काम करताना जुना व्हॉल्व सीटवर बसवून ठेवा. सीटला एक ओरखडा पडला तर सगळी मेहनत पाण्यात. चष्मा आणि मास्क हवाच, ती भुकटी छातीत जायला नको. शेवटी पेस्टने व्हॉल्व घासले, पोर्टमध्ये पेट्रोल ओतून पाहिलं, चेंबरच्या बाजूला थेंबही आला नाही. मग साबणाच्या पाण्याने धुऊन ऑइलची भोकं हवेने मारली. आत राहिलेला एक कण नव्या बोअरला पुरतो.

नवीन गाड्यांवर हे प्रयोग करताना थांबा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, स्प्लेंडरमध्येसुद्धा फ्युएल इंजेक्शन आहे. तिथे जेट बदलून मिश्रण जुळवता येत नाही. जुन्या गाडीतही काम झाल्यावर प्लगचा रंग बघा आणि पीयूसी करून घ्या.

मामाच्या गाडीचा बोअर नवा झाल्यामुळे सुधारणेतला किती वाटा हेडचा, हे वेगळं काढता येणार नाही. चढावर आता तिसरा गिअर टिकतो, एवढं मामा सांगतो. टॅपेट ५०० किलोमीटरला परत तपासायचे आहेत. ॲव्हरेज टाकी फुल्ल ते फुल्ल काढायचं ठरलंय, पण त्यासाठी मामाने पेट्रोल शंभर-शंभरचं भरणं थांबवायला हवं.