पोळ्याचा घास आणि बैलाचे पोट

पैनगंगेच्या दक्षिणेस आदिलाबाद जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत मराठी, तेलुगू व गोंडी या तिन्ही भाषा एकाच बाजारात कानी पडतात. श्रावण अमावास्येचा पोळाही तसाच साऱ्यांचा. आम्ही मूळचे गोमंतकाकडील. तिकडे ‘गोरवां’ची पूजा दिवाळीच्या पाडव्यास होते, म्हणून येथील पोळ्याचे आम्हांस प्रथम फार अप्रूप वाटले. आदल्या सायंकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकावयाचे, त्यांस दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचे आवतण द्यावयाचे, आणि मिरवून आलेल्या जोडीपुढे पुरणपोळीचा घास धरावयाचा!

परंतु एका घासाने यजमानाचे समाधान होत नाही. घरातील प्रत्येकाची एक पोळी, शेजारणीची एक, वर भिजविलेले धान्य व गुळाचा खडा. दोन वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एका मुलाचा बैल पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी उठेना. रवंथ थांबले, शेणास आंबूस वास येऊ लागला, आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. कपाशीची डवरणी अर्धी राहिली होती. त्या मुलाने वर्गात विचारले, “गुरुजी, गोड खाऊन बैल मरतो कसा?”

या प्रश्नाचे उत्तर बैलाच्या पोटात आहे. त्याच्या पोटाचे चार कप्पे असून पहिला, ज्यास कोटीपोट म्हणतात, सुमारे 100 लिटरचा असतो. हा कप्पा म्हणजे एक आंबवणाची रांजणच होय. त्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव राहतात व कडब्याचे, गवताचे धागे सावकाश कुजवून बैलास अन्न पुरवितात. बैल दिवसाचे सात-आठ तास रवंथ करतो, त्या वेळी लाळ गिळली जाते व तीतील क्षार तेथील आंबटपणा आवरून धरतात. आता या रांजणीत एकाएकी गहू, डाळ व गूळ येऊन पडला, तर काय होईल? पिठूळ व गोड पदार्थ झटपट आंबतात. ते खाणारे निराळे जीवाणू भराभर वाढतात आणि दुग्धाम्ल तयार करतात. कोटीपोटाचा सामू एरव्ही 6 ते 7 असतो, तो 5 च्याही खाली जातो. चारा पचविणारे जीव मरू लागतात. पोट अंगातील पाणी स्वतःकडे ओढून घेते. आम्ल रक्तात उतरते. बाहेरून आपणांस दिसते ते एवढेच, की बैल सुस्त उभा आहे. रवंथ थांबले, की घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्यास बोलावणेच योग्य.

मग गोड हे जनावरांस विषच काय? तसे नव्हे. भूमध्य समुद्राच्या काठी कॅरोब नावाचा वृक्ष असतो. त्याच्या तपकिरी शेंगा गुळचट लागतात, आणि तेथील लोक त्या घोड्या-खेचरांस पूर्वापार चारीत आले आहेत. कुत्र्यास चॉकलेट बाधते, कारण त्यातील थिओब्रोमिन त्याच्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाही; कॅरोबमध्ये ते द्रव्य नसल्याने त्याच्या भुकटीचा खाऊ पाश्चात्त्य देशांत कुत्र्यांसाठी करतात. (मांजराचा प्रश्नच येत नाही. त्यास गोडी कळतच नाही, असे 2005 साली शास्त्रज्ञांनी त्याच्या जनुकांवरून दाखविले.)

आमच्या शिवारातही शेळ्या वेड्या बाभळीच्या गोड शेंगांवर तुटून पडतात. शेंगेची गोडी हे झाडाने दिलेले भाडेच म्हणावयाचे: जनावर गर खाते, कठीण बी लेंडीतून दूर जाऊन रुजते. चैत्राच्या सुमारास जंगलात मोहाची फुले गळतात, तेव्हा अस्वले पहाटेच तेथे हजर असतात. पण अस्वलाचे पोट रवंथ करणाऱ्या जनावराचे नव्हे, आणि शेळी शेंग चघळते ती पाल्याबरोबर, दिवसभर हिंडत. पोळ्याचा बैल मात्र एका बैठकीत, सुटीच्या दिवशी, ते सारे गिळतो.

त्या मुलाच्या घरी आता नवी जोडी आहे. गेल्या पोळ्यास त्याने दावणीत आधी कडबा टाकला, मग प्रत्येक बैलास एकेक पोळी दिली, आणि शेजारणीची ताटे दारातूनच मागे फिरविली. त्यावरून आजी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही, असे तो सांगत होता.