कागद वाचता आला पाहिजे!

जळगाव-धुळ्याच्या औद्योगिक वसाहतींत, भुसावळच्या रेल्वे शेडमध्ये आपले कितीतरी बांधव राबत आले आहेत. बघून बघून त्यांनी काम शिकले, हात तयार झाला. पण ड्रॉइंगचा कागद समोर आला की साहेबाच्या तोंडाकडे पाहावे लागे. आज त्यांची मुले-मुली आयटीआयमध्ये फिटर, टर्नर, ड्राफ्ट्समन होण्यासाठी जातात. तिथेही ड्रॉइंगचा तास आला की अनेकांचा धीर सुटतो. “आम्हाला चित्र काढता येत नाही,” असे ती म्हणतात. या मुलांना आमचे सांगणे आहे की, हे चित्र नव्हे, ही लिपी आहे; आणि लिपी कोणालाही शिकता येते.

या लिपीचे नियम सर्वांना सारखेच. भारतीय मानक ब्युरोने १९८८ साली शाळा-कॉलेजांसाठी ‘एसपी ४६’ ही नियमावली काढली. त्यातले थोडे पाहू. जाड, अखंड रेघ म्हणजे दिसणारी कड. तुटक रेघ म्हणजे आत दडलेली कड. लांब तुकडा, मग ठिपका अशी बारीक रेघ म्हणजे मध्यरेषा. आकड्याआधी तिरपी रेघ मारलेले वर्तुळ असले की तो व्यास. मापे मिलिमीटरमध्ये असतात, म्हणून प्रत्येक आकड्यापुढे ‘मि.मी.’ लिहीत नाहीत. प्रमाण १:२ असेल तर वस्तू कागदावर निम्मी दिसते, पण आकडा खऱ्या मापाचाच असतो. म्हणून कागदावर पट्टी लावू नये, आकडा वाचावा.

आता घरातली काडेपेटी घ्या. लेबल छताकडे करून ती कागदावर ठेवा. लेबल ही समोरची बाजू आणि तुमच्यापासून लांबची बाजू हा पेटीचा माथा समजा. पेटी स्वतःकडे एकदा लोळवा. माथा छताकडे आला ना? म्हणून वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली काढतात. पेटी पुन्हा जागेवर ठेवून उजवीकडे लोळवा. डावी बाजू दिसेल. म्हणून डावीकडचे दृश्य उजवीकडे येते. ही पहिल्या कोनाची पद्धत. आपल्याकडे हीच शिकवतात. अमेरिकेत तिसऱ्या कोनाची चालते, तिथे सारे उलट. कोणती पद्धत आहे हे कागदाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत, टोक कापलेल्या शंकूच्या खुणेने दाखवतात. ती खूण न पाहता काम केले, तर डावीकडचे भोक उजवीकडे पडते. लोखंड वाया, पाळी वाया, आणि बोल कामगाराला!

माता-पित्यांनो, तुम्हाला ड्रॉइंग येत नसेल, तरी संध्याकाळी मुलांजवळ बसा. पेटी त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, “मला समजावून सांग.” सांगता सांगता ती पक्की होतील. ज्याला कागद वाचता येतो, त्याला कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही.