डबा उघडण्याआधी

पुणे-दौंड लोहमार्गावर यवत आणि केडगाव यांच्या मधलं स्टेशन म्हणजे खुटबाव. दौंड तालुक्याचा हा भाग पर्जन्यछायेतला. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, कधी त्याहूनही कमी. खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी आणि उत्तरेकडून वाहणारी भीमा यांच्या जिवावर या पट्ट्यात ऊस उभा राहिला, उसामागोमाग गुऱ्हाळं आली. कोकणात लोखंड गंजतं हे कुणालाही पटतं, कारण तिथे चार महिने धो धो पाऊस आणि बारा महिने खारा वारा. इतक्या कोरड्या मुलखात गंज येतो कुठून?

त्यासाठी खाली वाकून बघावं लागतं. अंगणाच्या फाटकाची वरची पट्टी दहा वर्षांनीही शाबूत असते आणि जमिनीलगतची पट्टी अंगठ्याने दाबली तर भुगा होऊन पडते. गोठ्याचे अँगलचे खांब पत्र्यापाशी ठणठणीत असतात, पण कोब्यात शिरतात तिथे झिजून बारीक झालेले असतात. धान्याची कोठी भिंतीकडच्या अंगाने आणि बुडाला खाल्लेली. खतांच्या पोत्यांच्या खोलीतलं दार तर सगळ्यात आधी जातं. शेतात टाकायचं पोटॅश म्हणजे बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराईड, आणि क्लोराईडइतका लोखंडाचा दुसरा वैरी नाही. गोठ्यात मूत्र, अंगणात बोअरचं जड पाणी, भिंतीकडेला साचलेली माती. आभाळातून पडलेलं पाणी इथल्या उन्हात पाहता पाहता वाळतं. बुडाशी मुरलेलं पाणी वाळत नाही आणि त्यात क्षार असतात. या गावांतला गंज बहुतेक खालून वर चढतो. घरातल्या लोखंडाची निगा कशी करायची, याची सगळी रीत त्यावरच ठरते.

गंजायला लोखंडाला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. हवेची सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली असेल तर स्वच्छ लोखंड फार सावकाश गंजतं. क्षार बसले की ते हवेतला ओलावा ओढून घेतात आणि त्याहून कोरड्या हवेतही काम सुरू राहतं. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते. म्हणून दोन पट्ट्यांच्या सांध्यात तो शिरला की पट्ट्या फुगून एकमेकींपासून सुटतात, वेल्डिंगचा टाकासुद्धा उकलतो. रंगावर पहिला फोड दिसतो तेव्हा आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं.

गंजलेलं फाटक रंगवायचं तर चार दिवसांतले तीन दिवस रंगाशी संबंध येत नाही. आधी छोटा हातोडा घेऊन फाटक सगळीकडून हलके ठोकायचं. शाबूत लोखंड खणखणतं. पोकळ झालेलं भद्द आवाज देतं आणि पापुद्रे सोडतं. हे पापुद्रे पत्रीने किंवा बोथट छिन्नीने उडवायचे. मग तारेचा ब्रश. इथे बहुतेकांची फसगत होते. तारेचा ब्रश जोरात फिरवला की गंज काळसर चकाकतो आणि काम झालं असं वाटतं. तो गंजच असतो, फक्त गुळगुळीत झालेला. त्यावर ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर घासून लोखंडाचा करडा रंग वर यायला हवा. कुठे फाटकाची जाळी, कुठे नक्षीचे वेटोळे, तिथे ग्राइंडरचा कप ब्रश पोहोचत नाही. पेपरची चिंधी करून, दोन्ही हातांनी धरून, मागेपुढे ओढतच ती जागा साफ करावी लागते.

त्यानंतरची पायरी मी फार थोड्या ठिकाणी होताना पाहिली आहे: धुणं. घासून झाल्यावर लोखंडाला सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात, आणि त्यांच्या तळाशी क्षार दडलेले असतात. कोरड्या घासण्याने ते निघत नाहीत. गोड्या पाण्याने ब्रश मारून धुतलं तरच निघतात. लोखंड धुवायचं म्हटलं की पेंटर दचकतो, कारण ओलं लोखंड तासाभरात पिवळसर पडतं. ती भीती रास्त आहे, पण ती कोकणात जास्त रास्त आहे. दौंडच्या हवेत सकाळी दहा वाजता धुतलेलं फाटक कोरड्या फडक्याने टिपून उन्हात ठेवलं की लगेच सुकतं. मग टर्पेंटाइनचं फडकं फिरवायचं आणि त्याच दिवशी प्रायमरचा पहिला हात द्यायचा. कोरड्या मुलखाला मिळालेली ही सवलत आहे. ती वाया घालवू नये.

चौकोनी पाइपच्या फाटकाचं दुखणं वेगळं. पाइपचं तोंड उघडं राहिलेलं असतं, नाहीतर वेल्डिंगमध्ये बारीक छिद्र असतं. पाणी आत उतरतं, खालच्या आडव्या पाइपात साचतं, आणि लोखंड आतून खाल्लं जातं. बाहेरून कितीही हात मारा, उपयोग शून्य. अशा पाइपाच्या बुडाला ड्रिलने एक भोक पाडून पाणी काढून द्यायचं आणि वरची तोंडं पत्र्याचे तुकडे वेल्ड करून बंद करायची. जिथे लोखंडच उरलं नाही तिथे तेवढा तुकडा कापून नवा जोडायचा. त्या जागी लांबी भरून वर रंग काढणं म्हणजे घरच्यांची फसवणूक आहे. लहान मुलं ज्या फाटकाला लोंबकळतात त्याच्या बिजागरीशी तर ती धोक्याचीही आहे.

नव्या लोखंडालाही घासावं लागतं, हे लवकर पटत नाही. कारखान्यात तापवून लाटलेल्या अँगलवर निळसर-करडी कडक पापडी असते. ती दिसते सुरेख आणि अभेद्य वाटते. ऊन-थंडीने तिला बारीक तडे जातात, पाणी तड्यांतून खाली उतरतं आणि तिथलं उघडं लोखंड आजूबाजूच्या पापडीमुळे आणखी जोरात गंजतं. वर्षभरात पापडी रंगासकट सुटते. फॅब्रिकेशनच्या दुकानातून फाटक घरी येतं तेव्हा ते बहुधा या पापडीवर, वेल्डिंगच्या खड्यांवर घाईने लाल प्रायमर फासलेलं असतं. नवं फाटक करायला टाकताना घासणी आणि प्रायमर आपल्यासमोर करायचं ठरवलं तर पुढची दहा वर्षं सुखाची जातात.

गंज काढायचे आंबट उपायही आहेत, आणि या भागाला त्यात खास भाग्य लाभलं आहे. चिंचेतलं टार्टारिक आम्ल आणि लिंबातलं सायट्रिक आम्ल गंज विरघळवतात. कड्या, कोयंडे, बिजागऱ्या, नट-बोल्ट अशा लहान वस्तू लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात रात्रभर बुडवून ठेवल्या की निम्मं घासणं वाचतं. साखर कारखान्यातून निघणारा मोलॅसिस त्याहून सौम्य. एका भागाला आठ-दहा भाग पाणी घालून त्यात गंजकी वस्तू आठवडा-दोन आठवडे बुडवली तर गंज सुटतो आणि चांगल्या लोखंडाला फारसा धक्का लागत नाही. जुन्या मोटारी दुरुस्त करणारे जगभर ही युक्ती वापरतात. वास मात्र असह्य येतो, आणि जस्ताचा किंवा ॲल्युमिनियमचा भाग त्यात टाकू नये, तो खाल्ला जातो.

बाजारात मिळणारी गंजरोधक द्रावणं दोन जातींची असतात. काहींत फॉस्फोरिक आम्ल असतं; ते गंजाचं लोहफॉस्फेट करतं. दिल्लीत मेहरौलीला उभा असलेला लोहस्तंभ सोळाशे वर्षांनंतरही का टिकला, याचा अभ्यास आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी केला. त्या लोखंडातल्या फॉस्फरसमुळे पृष्ठभागावर फॉस्फेटचा संरक्षक थर बसला, असा त्यांचा निष्कर्ष होता. दुसऱ्या जातीच्या द्रावणात टॅनिन असतं. त्याने गंज निळसर-काळा आणि स्थिर होतो. आपल्याकडे हिरडा आणि लोखंड यांच्यापासून काळी शाई आणि काळा रंग करत, त्यातही हीच रासायनिक क्रिया होती. तो हिरडा भीमाशंकर-जुन्नरच्या डोंगरांत गोळा होतो, जिथून खुटबावच्या उत्तरेची भीमा निघते. ही द्रावणं खड्ड्यांत उरलेल्या गंजासाठी आहेत. सुटे पापुद्रे आणि क्षार ती काढत नाहीत, त्यामुळे घासणं-धुणं चुकत नाही.

आता रेड ऑक्साइड. गावोगाव ज्याला नुसतं लाल प्रायमर म्हणतात त्यातला लाल रंग आयर्न ऑक्साइडचा, म्हणजे खुद्द गंजाच्याच कुळातला. तो स्वतः निष्क्रिय असतो. संरक्षण करणारं द्रव्य वेगळं मिसळावं लागतं, पूर्वी झिंक क्रोमेट आणि आता बऱ्याच ठिकाणी झिंक फॉस्फेट. त्याच्याही आधी लोखंडाला जवसाच्या तेलात खलवलेला शेंदूर लावत. शेंदूर हे शिशाचं ऑक्साइड. मारुतीला तेलात कालवून लावतात तोच. गंज रोखायला तो फार उत्तम होता, पण शिसं मुलांच्या मेंदूला घातक आहे. १ नोव्हेंबर २०१७ पासून भारतात घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत नव्वद भागांवर जाऊ नये असा नियम लागू झाला. त्यामुळे त्याआधी रंगवलेल्या खिडक्यांचे गज, पाळणे, लोखंडी कॉट खरवडताना पेपर ओला करून घासावा, तोंडाला फडकं बांधावं, भुगा झाडून अंगणात न टाकता गोळा करावा आणि पोरांना तेवढा दिवस लांब ठेवावं. तेवढी खबरदारी घरोघरी घेतली जावी, असं मला मनापासून वाटतं.

वाड्यावस्त्यांवर लालतपकिरी रंगाचीच फाटकं आणि शेड दिसतात. ऊसबिल आलं की वरचा रंग देऊ, म्हणून नुसत्या प्रायमरवर राहिलेली. बिल येतं, खर्च दुसरीकडे होतो, एक पावसाळा जातो, दुसरा जातो. प्रायमर मुद्दामच खरखरीत आणि किंचित सच्छिद्र केलेला असतो, वरच्या रंगाने त्याला घट्ट धरावं म्हणून. उघडा राहिला तर तो पाणी पितो. म्हणून हातात पैसे थोडे असतील तर सगळं फाटक एका प्रायमरने लाल करण्यापेक्षा त्याचा खालचा दीड फूट घासून, धुऊन, दोन हात प्रायमर आणि दोन हात ऑइल पेंट देऊन पुरा करावा. वरचा भाग पुढच्या वर्षी केला तरी चालतो. एक लिटर प्रायमर एका हाताला साधारण शंभर चौरस फूट पुरतो, म्हणजे एवढ्या कामाला पाव लिटरही भरपूर होतो. चारही हात मिळून रंगाची जाडी वहीच्या कागदाएवढी होते. कडा, वेल्डिंगचे टाके आणि बोल्टची डोकी यांवरून ओला रंग ओसरतो आणि थर आणखी पातळ राहतो. जाणता पेंटर पूर्ण हात देण्याआधी एवढ्याच जागा लहान ब्रशने एकदा रंगवून घेतो.

जस्ताच्या पत्र्याला ही रीत लागू नाही. नव्या चकचकीत पत्र्यावर थेट ऑइल पेंट मारला तर जस्त आणि तेल यांचं जमत नाही आणि वर्ष-दीड वर्षात रंगाची सालं निघतात. त्याला जस्तावर पकड घेणारा एच (etch) प्रायमर लागतो. आणि जस्त शाबूत असेल तोवर रंगाची घाईही नसते. तवा, काहील, कोयता यांना रंग मुळीच नको. त्यांना तेलाचा हात पुरतो. धान्याच्या कोठीला आतून नेहमीचा रंग लावू नये.

दिवस कोणते निवडायचे? दसऱ्यानंतर थंडी संपेपर्यंतचे. चैत्र-वैशाखात उन्हातलं लोखंड हात टेकवू देत नाही. त्यावर रंग वरून सुकतो, आतून ओला राहतो आणि सुरकुततो. थंडीत सकाळी लोखंडावर दव असतं, कालव्याचं आवर्तन सुटलेलं असेल तर भिजलेल्या उसाशेजारी ते उशिरापर्यंत टिकतं. दहाला सुरुवात करावी, चारला हात थांबवावा.

रंगाचं काम एकदा करून सुटका होत नाही, हे मोठ्यांनाही चुकलेलं नाही. पॅरिसचा आयफेल टॉवर १८८९ पासून साधारण दर सात वर्षांनी रंगवला जातो, दर वेळी सुमारे साठ टन रंग लागतो. आपल्या रेल्वेच्या लोखंडी पुलांना प्रायमरच्या हातांवर ॲल्युमिनियम रंगाचे दोन हात देतात, आणि तो चंदेरी रंग ठरलेल्या मुदतीने पुन्हा चढवतात. घराला एवढा व्याप नको. बैलपोळ्याला शिंगं रंगवायला आणलेल्या लहान डब्यातला उरलेला रंग, एक पॉलिश पेपरचा तुकडा आणि वर्षातून एक सकाळ फाटकाच्या बुडाशी बसणं, इतकं केलं तरी मोठं काम कितीतरी वर्षं पुढे ढकललं जातं.

सगळ्यात जास्त बिघडतं ते व्यवहारात. रंगकाम बहुधा उक्तं दिलं जातं, फुटावर. फुटावर घेतलेल्या कामात घासण्याचे पैसे सुटत नाहीत, कारण घासलेलं रंगाखाली झाकलं जातं आणि मालकाला शेवटचा हात तेवढा दिसतो. पेंटरला दोष देऊन भागत नाही. दिवसभर गंजाची धूळ खाऊन हाती काही पडणार नसेल तर तो तरी का घासेल? माझं मत असं की घासणं आणि धुणं हजेरीवर द्यावं, रंग उक्ता. आणि बोलणी करतानाच पेंटरला सांगावं, ‘मामा, घासून झालं की मला हाक मारा. मी बघितल्याशिवाय डबा उघडू नका.’ मग खरंच जाऊन उकिडवं बसावं, खालच्या पट्टीच्या मागच्या बाजूला बोट फिरवावं, आणि बोट लाल झालं तर अजून अर्ध्या दिवसाची हजेरी मोकळ्या मनाने द्यावी.