पट उद्याचा, पैसा आजचा

फ्रिस्को (टेक्सास) : इथे ऑक्टोबरात घरोघरी मालमत्ता कराचं बिल येतं. शहर, काउंटी, कॉलेज आणि शाळा असे त्यात वेगवेगळे रकाने असतात. सर्वांत मोठा आकडा शाळेचा, एकूण बिलाच्या निम्म्याहून अधिक. घरात शाळेत जाणारं मूल असो वा नसो, तो भरावाच लागतो. टेक्सास राज्य पगारावर आयकर घेत नाही. ती कसर घरावर निघते. त्यामुळे आपल्या भागातल्या शाळांत पुढच्या वर्षी किती मुलं असतील, हा प्रश्न इथे मास्तरांपुरता राहत नाही. निवृत्त आजोबांनाही त्याचं उत्तर हवं असतं.

नागपूरकर वाचकांसाठी आधी व्यवस्था सांगतो. इथल्या सरकारी शाळा महापालिकेच्या नसतात आणि काउंटीच्याही नसतात. त्या चालवते ‘इंडिपेंडंट स्कूल डिस्ट्रिक्ट’, थोडक्यात आयएसडी. तिची हद्द वेगळी, निवडून आलेलं सात जणांचं मंडळ वेगळं आणि कराचा दरही वेगळा. फ्रिस्को आयएसडीच्या हद्दीत फ्रिस्कोबरोबर प्लेनो, मकिनी आणि लिटल एल्मचेही तुकडे येतात. कराचे दोन भाग असतात. एकातून पगार आणि चालू खर्च भागतो. दुसऱ्यातून इमारतींसाठी काढलेल्या कर्जरोख्यांची फेड होते, आणि त्या कर्जाला आधी मतदारांची मंजुरी लागते.

बाहेरच्याला वाटतं, घरांचे भाव वाढले की शाळा श्रीमंत होत असतील. तसं होत नाही. दर विद्यार्थ्यामागे मूळ रक्कम किती, हे राज्याचा कायदा ठरवतो. २०१९ मध्ये ती ६,१६० डॉलर झाली आणि २०२५ पर्यंत तिथेच राहिली. त्या वर्षी जेमतेम ५५ डॉलरची वाढ मिळाली. ठरलेल्या हक्कापेक्षा स्थानिक कर जास्त जमला, तर जादा रक्कम राज्य काढून घेतं. १९९३ पासूनच्या या तरतुदीला लोक ‘रॉबिन हूड’ म्हणतात, आणि प्लेनोसारख्या सधन भागातून तिच्यापायी दरवर्षी मोठी रक्कम जाते. म्हणजे जमिनीला सोन्याचा भाव आला तरी शाळेच्या चालू खर्चाचा पैसा मुलांच्या डोक्यांवरच ठरतो. त्यातही हजेरीपटावरचं नाव पुरत नाही. वर्षभराची सरासरी उपस्थिती धरली जाते, त्यामुळे फ्लूची साथ आली की आयएसडीच्या तिजोरीलाही ताप चढतो.

मुलं ऑगस्टमध्ये येणार, पण शिक्षकांशी करार वसंतातच करावे लागतात. अंदाजपत्रक जूनच्या सुमारास मंजूर होतं. नवी इमारत बांधायची तर निर्णय दोन-तीन वर्षं आधी हवा. म्हणून प्रत्येक मोठी आयएसडी लोकसंख्या-अभ्यासक नेमते. त्याचं मुख्य हत्यार सोपं आहे. गेल्या वर्षी पहिलीत १०० मुलं होती आणि यंदा दुसरीत १०४ आहेत, तर गुणोत्तर १.०४. असं प्रत्येक इयत्तेचं काही वर्षांचं गुणोत्तर काढायचं आणि पट एकेक वर्ष पुढे सरकवत न्यायचा. बालवर्गासाठी पाच वर्षांपूर्वीच्या जन्मनोंदी घ्यायच्या. मग नव्या घरांचा हिशेब : प्लॉट किती पाडले, पाया किती घातले, बांधून झालेल्या घरांत राहायला किती जण आले. चार खोल्यांच्या स्वतंत्र घरामागे मुलं जास्त निघतात, भाड्याच्या एका खोलीच्या सदनिकेमागे कमी. प्रत्येक प्रकाराचं प्रमाण त्या भागातल्या आधीच्या वस्त्यांवरून काढतात. हा दहा वर्षांचा अंदाज मंडळाच्या खुल्या सभेत मांडला जातो आणि कोणालाही वाचायला मिळतो.

अंदाज सर्वांत जास्त कुठे फसतो, ते शेजारी प्लेनोत पाहावं. सत्तर ते नव्वदच्या दशकांत हे शहर तरुण कुटुंबांनी भरलं. मुलं मोठी होऊन बाहेर पडली, आईवडील त्याच घरात राहिले. घरं रिकामी झाली असती तर नवी बिऱ्हाडं आली असती. पण जुनं गृहकर्ज स्वस्त व्याजाचं, नवं महाग. मग घर विकतो कोण? आणि विकायला आलं तरी तरुण जोडप्याला ते परवडत नाही. प्लेनो आयएसडीचा पट २०११-१२ च्या सुमारास ५५ हजारांवर होता. तो घसरत ४८ हजारांच्या आसपास आला. जून २०२४ मध्ये मंडळाने चार शाळा बंद करण्याचा ठराव केला : दोन प्राथमिक, दोन माध्यमिक. शहराची लोकसंख्या मात्र या काळात घटली नव्हती. घरं आणि माणसं कमी झाली नाहीत, फक्त मुलं आटली.

फ्रिस्कोची गोष्ट आणखी वेगवान. १९९० च्या जनगणनेत हे सहा हजार वस्तीचं गाव होतं. २०२० मध्ये इथे दोन लाख माणसं मोजली गेली. आयएसडी वर्षानुवर्षं शाळा बांधत सुटली होती. आता इथलाही पट शिखर ओलांडून उतरणीला लागला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंडळाने करवाढ आणि कर्जरोख्यांचे प्रस्ताव मतदारांपुढे ठेवले. ते सगळे फेटाळले गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत मंडळाने स्टेली मिडल स्कूल बंद करण्याचं ठरवलं. अशा सभांत पालक, माजी विद्यार्थी, करदाते सगळे बोलतात. मंडळाच्या आकड्यांना पालक आपले आकडे काढून उत्तर देतात. त्यात आपली मराठी मंडळीही असतात.

बजेटला पटाच्या वाढीपेक्षा घसरणीचा मार जास्त बसतो, आणि त्याचं कारण साध्या गणितात आहे. एका शाळेतून ३० मुलं गेली म्हणजे एक वर्ग गेला, असं होत नाही. ती मुलं सहा इयत्तांतून पाच-पाच अशी जातात. एकही वर्ग बंद होत नाही, शिक्षक तेवढेच, बसचा फेरा तोच, वातानुकूलनाचं बिल तेच. फक्त ३० मुलांचा पैसा येत नाही. मग ग्रंथपाल, समुपदेशक, संगीत शिक्षक अशी माणसं आधी कमी होतात.

भारतीय कुटुंबांमुळे या हिशेबात आणखी एक अनिश्चित खातं उघडलं आहे. इथल्या वर्गांत भारतीय मुलं मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांचे आईवडील बहुधा व्हिसावर आलेले. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. जन्मनोंदी पाच वर्षं आधी कळतात; वॉशिंग्टनचा हुकूम एका रात्रीत येतो. शिवाय टेक्सासने २०२५ मध्ये खासगी शाळांच्या फीसाठी पालकांना सरकारी पैसा देणारा कायदा केला. २०२६-२७ पासून तोही पटातून मुलं ओढेल.

हे सगळं इथे बसून लिहिताना माझ्यापुढे नागपूरचा वर्धा रोड आणि मिहान प्रकल्प आहे. तिथेही शेतांच्या जागी शहर उभं राहतंय. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आली. दहेगावला आयआयएम आलं. त्याच्या संकुलाचं उद्घाटन मे २०२२ मध्ये झालं. एम्सचं लोकार्पण ११ डिसेंबर २०२२ रोजी झालं. खापरीपर्यंत मेट्रो २०१९ पासून धावते. मार्च २०२५ मध्ये पतंजलीचा फूड पार्क सुरू झाला. दुसरीकडे शिवणगाव, तेल्हारा, कलकुही, दहेगाव या गावांची जमीन प्रकल्पात गेली आणि शिवणगावकरांसाठी चिंचभुवनला पुनर्वसनाची वसाहत झाली. तिथे माणसं येतात आणि जातातही. येणाऱ्यांपैकी अभियंता आणि डॉक्टर आपलं मूल खासगी शाळेच्या बसमध्ये बसवतात. सुरक्षारक्षक, सफाई कामगार, छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातून आलेले बांधकाम मजूर यांच्या मुलांना मात्र जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेचीच शाळा लागते. त्यामुळे मिहानची वस्ती वाढली म्हणून सरकारी शाळेचा पट वाढेल, हे गणित चुकतं. वस्ती वाढताना पट कमी होऊ शकतो, आणि एखादा मोठा प्रकल्प उभा राहत असताना दोन वर्षांपुरता फुगूही शकतो.

हा हिशेब करतो कोण? मिहानचं नियोजन महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे, शाळा जिल्हा परिषदेकडे वा महापालिकेकडे, शिक्षकांचा पगार राज्याकडे. नगर नियोजनाची केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वं पाच हजार वस्तीमागे एक प्राथमिक शाळा धरतात. त्या वस्तीत संगणक कंपनीतले अविवाहित तरुण किती आणि चार वर्षांची पोरं किती, हे त्या मापात कळत नाही. जनगणना २०११ नंतर झालेली नाही. पुढची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये व्हायची आहे. आणि महाराष्ट्राचा प्रजनन दर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ निघाला, म्हणजे प्लेनोची वाट आपल्याकडेही सुरू झाली आहे.

आपल्याकडे पट मोजतात, पण मूल शाळेत आल्यावर. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते आणि त्यावर शिक्षकांची पदं ठरतात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ झाली की तीन. समग्र शिक्षा योजनेचं शाळा अनुदान ३० मुलांपर्यंत १० हजार रुपये, ३१ पासून २५ हजार. एका मुलाची किंमत १५ हजार रुपये. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने तर सहावी ते आठवीत २० पेक्षा कमी मुलं असली की शिक्षक शून्य केले. त्याआधी २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळांच्या समूह शाळा करण्याची चर्चा झाली. मोजणीतून बहुधा कपातच निघते, मग पट फुगवण्याचा मोह होतो. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत राज्यभर फुगवलेले पट उघडे पडले, ते वाचकांना आठवत असेलच.

कराचं नातंही आपल्याकडे तुटलेलं आहे. नागपूर महापालिकेच्या घरपट्टीत शिक्षण उपकर असतो, १९६२ च्या कायद्याचा. तो राज्याच्या तिजोरीत जातो. भरणाऱ्याला आपल्या वस्तीतल्या शाळेशी त्याचा संबंध दिसत नाही, त्यामुळे शाळा बंद पडली तरी तो सभेला जात नाही. टेक्सासची पद्धत जशीच्या तशी उचलावी, असं मी म्हणणार नाही. हजेरीवर पैसा देणं गरीब वस्तीवर अन्याय करतं, आणि मतदारांनी नाही म्हटलं की मुलं भरडली जातात. घेण्यासारखी गोष्ट एकच : अंदाज आधी करायचा आणि चारचौघांत मांडायचा. तो चुकला तरी चालतं, प्लेनोचाही चुकला. पण कागद सगळ्यांच्या हातात असल्यामुळे भांडण कशावर करायचं, हे लोकांना ठाऊक होतं.

मिहानसाठी हा कागद करायला महागडा सल्लागार नको. शून्य ते सहा वर्षांच्या मुलांची नावं अंगणवाडी सेविकेच्या रजिस्टरमध्ये आहेत. दाखलपात्र मुलांची यादी जिल्हा परिषदेचे शिक्षक दरवर्षी घरोघर फिरून करतात. बांधकाम आणि भोगवटा परवाने विमानतळ विकास कंपनीकडे आहेत. हे तिन्ही कागद एका टेबलावर आणून पाच वर्षांचा शाळानिहाय अंदाज काढावा, बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी त्यात वेगळा रकाना ठेवावा, आणि जिल्हा परिषदेचं अंदाजपत्रक मार्चमध्ये मांडलं जाण्याआधी, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तो मोठ्याने वाचून दाखवावा. खापरी-दहेगावच्या वाचकांनी येत्या ग्रामसभेत ही मागणी लेखी द्यावी.