चौदा दिवसांचा वनवास

१ फेब्रुवारी १८१७च्या सकाळी नागपूरचे राजे परसोजी भोसले अंथरुणात मृत सापडले. प्रकृतीने दुबळे असलेल्या या राजाचा कारभार चुलतभाऊ अप्पासाहेब पाहत होते, आणि ते त्या वेळी चांद्याला होते. गादी त्यांनाच मिळाली. पुढे खुनाचा आरोपही त्यांच्यावरच आला. सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांनी त्यांना पदच्युत केलं, छत्तीसगढचा कारभार आपल्या देखरेखीखाली घेतला आणि १८१८मध्ये मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला हलवलं. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातला माणूस आज राजधानीत राहतो, त्यामागच्या घटनांच्या साखळीत नागपूरच्या वाड्यातला तो मृत्यूही आहे!

असाच घरातला दगा मराठी रंगभूमीने पुण्यातून उचलला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि संशय सख्ख्या काकावर, राघोबादादांवर गेला. खाडिलकरांनी १९०९मध्ये त्यावर ‘भाऊबंदकी’ लिहिलं. आनंदीबाईंनी ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं, ही आख्यायिका शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पुढे दुर्गाबाई खोट्यांनी ही आनंदीबाई रंगवली, नानासाहेब फाटकांनी राघोबा.

घरातल्या दग्याच्या अशा नाटकांमध्ये मला सर्वांत थक्क करतं ते कारस्थानाचं हत्यार किती लहान असतं ते. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये एडमंड भावाच्या नावाने एक खोटं पत्र लिहितो, आणि म्हातारा बाप पोटच्या पोरावर उलटतो. ‘ऑथेल्लो’त एक हातरुमाल पुरतो, देवलांनी त्याचा ‘झुंजारराव’ केला, तेव्हा मराठी प्रेक्षकालाही तो संशय परका वाटला नाही. फसवणारा थोडंच बोलतो. उरलेलं ऐकणारा स्वतःच्या भीतीतून भरून काढतो. एडमंड तर पत्र लपवल्याचं सोंग करतो, म्हणजे बापाने ते हट्टाने मागावं! प्रेक्षकाला सगळं दिसत असतं आणि रंगमंचावरच्या बापाला काहीच दिसत नाही, म्हणून आपला जीव कासावीस होतो.

आपल्याकडचा आद्य घरभेद कैकेयीचा. रायपूरकरांसाठी तर तो घरचाच विषय आहे. शहरापासून थोड्याच अंतरावर चंदखुरीला कौसल्येचं मंदिर आहे. छत्तीसगढ हे तिचं माहेर, म्हणून राम सगळ्यांचा भाचा. इथे मामा भाच्याच्या पाया पडतो, तो याच नात्याने. अशा मुलखात कैकेयीची बाजू कोण घेणार?

ती एका जुन्या नाटककाराने घेतली. भासाच्या नावाने ओळखली जाणारी नाटकं शतकानुशतकं नजरेआड होती. त्यांतल्या काहींची ताडपत्रं टी. गणपतिशास्त्रींना १९०९मध्ये, म्हणजे ‘भाऊबंदकी’च्याच साली, पद्मनाभपुरमजवळ सापडली. भासाच्या नावावरच्या नाटकांतलं एक ‘प्रतिमा’. त्यात भरत मामाच्या घरून परतताना अयोध्येबाहेरच्या प्रतिमागृहात शिरतो. रखवालदार पूर्वजांचे पुतळे दाखवतो: दिलीप, रघू, अज. चौथा पुतळा पाहून भरत चरकतो. पुन्हा पहिल्यापासून नावं विचारतो, जिवंत माणसांचेही पुतळे इथे ठेवतात का म्हणून विचारतो. नाही, फक्त गेलेल्यांचे. बाप वारल्याची बातमी मुलाला दगडाकडून कळावी, ही कल्पना सुचलेल्या माणसापुढे मी हात जोडतो.

आणि खरा धक्का पुढेच आहे. सहाव्या अंकात कैकेयी भरताला सांगते की दशरथाला पुत्रवियोगाने मरण्याचा शाप होता. तो टळणारा नव्हता, म्हणून तिने रामाला दूर धाडलं. तिला म्हणायचे होते चौदा दिवस; गोंधळलेल्या मनाने तोंडून गेलं, चौदा वर्षं! दुसऱ्या अंकात दशरथाने प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत प्राण सोडलेला असतो. तेव्हापासून आपण ज्या बाईला शिव्याशाप देत बसलो, तिच्यावरचा आरोपच नाटककार काढून घेतो. भरत विश्वास ठेवतो आणि आईची क्षमा मागतो. माझा विश्वास प्रत्येक वाचनात डळमळतो. पण रावणाने सीतेला नेल्याची बातमी याच अंकात आलेली असते, आणि आता ते चौदा दिवस कोणालाच परत मागता येत नाहीत.