पाळीव गोगलगायींचा आहार
मुलांच्या हट्टाखातर घरांत मत्स्यपेटी येते आणि तिच्याबरोबर एकदोन गोगलगायीही येतात. काचेवरील शेवाळावर त्यांचें भागेल, ही समजूत अपुरी आहे; स्वच्छ पेटींत शेवाळ फार दिवस पुरत नाहीं. त्यांस दोडका, काकडी किंवा गाजर यांच्या चकत्या किंचित् वाफवून, गार करून द्याव्या. मऊ झालेली भाजी तळाशीं बसते व गोगलगाय आपल्या दातेरी जिभेनें ती खरवडून खाते. भाजी आधीं नीट धुवावी. फवाऱ्याचें विष त्या इवल्या जिवास सहज बाधतें. उरलेलें दुसऱ्या सकाळीं काढावें, नाहीं तर पाणी नासतें.

शंखास चुना लागतो. मंगरूळपीरसारख्या वऱ्हाडी गांवीं विहिरीचें पाणी बहुधा जड. डाळ शिजत नाहीं म्हणून ज्यास आपण नांवें ठेवतों, तेंच येथें उपकारक! अंड्याचें कवच आमच्या वाचकांस रुचणार नाहीं. काष्ठौषधींच्या दुकानांतील समुद्रफेनाचा तुकडा चालेल. (तोही एका जलचराचाच सांगाडा, हें आजीबाईंस न सांगणेंच बरें.)

सर्वांत जपावयाचें तें तांब्यास. तांब्याच्या हंड्यांतील शिळें पाणी आपण आरोग्यदायक मानतों. गोगलगायीस मात्र तांबें अत्यल्प प्रमाणांतही मारक आहे. पितळेंतही तांबें असतेंच. म्हणून पेटीचें पाणी साठविण्यास मातीचा माठ किंवा प्लॅस्टिकची बादली वेगळी ठेवावी.