उतरलेली बॅटरी आणि न सांगितलेली गोष्ट

आमच्या आजोबांच्या ट्रान्झिस्टरचा आवाज बारीक झाला की घरातले सगळे एकच म्हणत, सेल उतरले. मग ते सेल दोन दिवस उन्हात पडायचे, उरलीसुरली धुगधुगी काढून घेतली जायची, आणि अखेर कोपऱ्यावरच्या दुकानातून नवे यायचे. आवाज बारीक झाला म्हणून कुणी नवा ट्रान्झिस्टर आणल्याचे मला आठवत नाही. हा केवळ काटकसरीचा भाग नव्हता. दोष कुठे आहे हे आम्हांला ठाऊक होते, आणि मागचे झाकण अंगठ्याने सरकत होते.

आज आपल्या खिशातल्या फोनच्या बाबतीत ह्या दोन्ही गोष्टी उरलेल्या नाहीत. त्यामुळे काय होते, ह्याचा चांगला दाखला म्हणजे २०१७ सालचे आयफोनचे प्रकरण.

नवा फोन बाजारात आला की कंपनी जुना मुद्दाम रेंगाळवते, असा संशय लोक फार दिवस बोलून दाखवीत होते. जाणकार मंडळी हसून सोडून देत. पण त्या डिसेंबरात एका ग्राहकाने आपल्या आयफोन सिक्स-एसची जुनी बॅटरी बदलली, तेव्हा मंदावलेला फोन पुन्हा पूर्वीसारखा चपळ झाला. त्याने आधीचे नि नंतरचे आकडे लोकांपुढे ठेवले. फोनचा वेग मोजण्याचे साधन बनवणाऱ्या टोरांटोच्या प्रायमेट लॅब्जचे जॉन पूल ह्यांनी मग आपल्याकडे जमलेली मोजमापे तपासली. फोन एकाच जातीचे, पण कंपनीने धाडलेल्या नव्या आवृत्तीनंतर त्यांतल्या बऱ्याच फोनांचा वेग खालच्या पायरीवर उतरलेला दिसला. २० डिसेंबरला ॲपलने मान्य केले की होय, बॅटरी जुनी झाली की आम्ही फोनचा वेग आवरतो.

हे कशासाठी? बॅटरीच्या पोटात लिथियमचे भारित कण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे ये-जा करीत असतात. दर खेपेला त्यांतले थोडे आतल्या पापुद्र्यात अडकून पडतात. पापुद्रा जाड होत जातो आणि विजेच्या वाटेतला अडथळा वाढतो. चाळीतल्या जुन्या, गंजलेल्या नळाची कल्पना करा. वरच्या मजल्यावर एकच तोटी उघडी असेल तोवर पाणी बरे येते. खाली कुणी दुसरी उघडली रे उघडली की वरची धार एकदम बारीक! फोनचा प्रोसेसर, म्हणजे सारी आकडेमोड करणारा भाग, असाच एखाद्या क्षणी भरमसाट वीज मागतो. जुन्या बॅटरीचा दाब त्या क्षणी इतका खाली जातो की फोन चक्क बंद पडतो. पडद्यावर मात्र बॅटरी तीस-चाळीस टक्के शिल्लक दिसत असते. हे टाळण्यासाठी ॲपलने जानेवारी २०१७ मध्ये धाडलेल्या आवृत्तीत प्रोसेसरच्या मागणीलाच लगाम घातला.

माझ्या मते उपाय म्हणून हे वावगे नव्हते. रात्री-अपरात्री डॉक्टरांना लावलेला फोन मध्येच मरण्यापेक्षा तो सावकाश चाललेला बरा. राग आला तो न सांगितल्याचा. ज्याला कारण माहीत नाही तो काय करील? फोन म्हातारा झाला असे समजून नवा घेईल. दोष होता बॅटरीचा, आणि किंमत मोजली अख्ख्या फोनची!

२८ डिसेंबरला कंपनीने जाहीर माफी मागितली आणि अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला. बॅटरीची प्रकृती दाखवणारे आणि हा लगाम काढू देणारे पान फोनमध्ये आले ते पुढच्या मार्चमध्ये. पण खरी बोलकी गोष्ट घडली २ जानेवारी २०१९ रोजी. कंपनीचे प्रमुख टिम कुक ह्यांनी त्या दिवशी गुंतवणूकदारांना पत्र लिहून कळवले की उत्पन्न अंदाजापेक्षा कमी भरणार. इतर कारणांबरोबर एक कारण त्यांनी असे दिले की काही ग्राहकांनी स्वस्तात बॅटरी बदलून घेतली, म्हणून नव्या फोनची खरेदी घटली. ग्राहकांच्या तक्रारीला ह्याहून चांगला साक्षीदार कुठून मिळणार?

फ्रान्समध्ये फेब्रुवारी २०२० मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड बसला. हा दंड फोन मंदावल्याबद्दल नव्हता. ग्राहकाला माहिती दिली नाही, एवढ्यासाठीच तो होता. अमेरिकेतल्या ग्राहकांच्या दाव्यात त्याच वर्षी, चूक कबूल न करता, पन्नास कोटी डॉलरपर्यंत देण्याची तडजोड झाली. पैसे हाती पडायला मात्र २०२४ उजाडले. युरोपीय संघाने २०२३ साली नियम केला तो आजोबांच्या झाकणाचाच म्हणा ना! काही अपवाद सोडता, ग्राहकाला स्वतः बॅटरी काढता येईल अशीच उपकरणे विकायची; त्यासाठी १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख मुक्रर केली.

आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूच्या दर्जाची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क मानलेला आहे. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात दुरुस्तीची माहिती एकत्र देणारे संकेतस्थळही उघडले.

दरम्यान, तुमच्याकडे आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये बॅटरीच्या सदरात तिची कमाल क्षमता टक्क्यांत लिहिलेली सापडेल. ती ऐंशीच्या खाली गेली असेल आणि फोन रेंगाळत असेल, तर नव्या फोनची चौकशी करण्याआधी बॅटरी बदलायला किती पडतील, ते दुकानदाराला विचारून घ्या.